शिक्का, नोंद आणि पोच
वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

भेदभाव आणि इंग्रजी अमलातून उरलेले कायदे या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. मराठवाड्यातून भरपूर पत्रं आली. निवडक पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं आणि बहुतेक गावं मुद्दाम वगळली आहेत, कारण यातल्या काही बाबी कोर्टात चालू आहेत.

प्रश्न : तुमच्या आवाहनात ‘निर्वसाहतीकरण’ असा जड शब्द होता. मराठवाड्यात इंग्रज नव्हते, निजाम होता. मग इथे कसली वसाहत?
— निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : सर, हा प्रश्न अंबाजोगाईतून यावा ही मौजच आहे. तुमचं गाव मोमिनाबाद होतं तेव्हा तिथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रज. कायद्याचंही तसंच झालं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा ब्रिटिश मुलखाचा, पण जन्मावरून जमातीला चोर ठरवण्याची ती रीत संस्थानांतही शिरली. आणखी एक गंमत सांगतो. इंग्रजांचं पीनल कोड मराठवाड्यात औपचारिकपणे लागू झालं ते १९५१ साली, म्हणजे इंग्रज गेल्यावर चार वर्षांनी. तोवर हैदराबादची स्वतःची दंडसंहिता होती.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. १९५६ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९५९ला मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला. जमातीचं नाव गेलं, पण ठाण्यातलं रजिस्टर राहिलं. आमच्या कामापुरता त्या जड शब्दाचा अर्थ एवढाच आहे : जुना शिक्का कोणत्या रजिस्टरात, कोणत्या रकान्यात अजून बसलाय ते शोधायचं आणि तो खोडायला लावायचा.

प्रश्न : आम्ही पारधी. तालुक्यात कुठंही घरफोडी झाली की रात्री गाडी पालावर येते आणि पोरं उचलून नेते. दोन-तीन दिवस बसवून ठेवतात, कागद काही देत नाहीत. कधी ‘चॅप्टर’ म्हणून सह्या घेतात. काय करावं?
— वाचक, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत : उचलणं, चॅप्टर आणि रेकॉर्ड. त्या एकमेकींना खाऊ घालतात, म्हणून तिन्ही एकेक करून धरल्या पाहिजेत.

आधी उचलणं. गाडी आली की पहिला प्रश्न एकच : अटक आहे की नोटीस? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५(३)ची लेखी नोटीस द्यायची असते. अटक करायचीच असेल तर कारणं लिहून ठेवावी लागतात. साधी चोरी आणि घरातली चोरी या मर्यादेत बसते. पण रात्रीची घरफोडी म्हणून न्याय संहितेचं (जुन्या पीनल कोडच्या जागी आलेल्या) कलम ३३१(४) लावलं की शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते आणि नोटिशीचा आधार सुटतो. म्हणून कलम कोणतं लावलंय हे त्याच क्षणी विचारून घ्या.

अटक असेल तर कारण सांगणं (कलम ४७), नातेवाइकाला कळवणं (कलम ४८) आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं (कलम ५८) हे सगळं पोलिसांवर बंधनकारक आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. नुसता जबाब घ्यायचा असेल तर बाई, पंधरा वर्षांखालचं पोर किंवा साठीपुढचा माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्या राहत्या जागी यावं लागतं, आणि पाल ही राहती जागाच आहे.

घोटाळा होतो तो वेळेचा. पोराला सोमवारी रात्री नेतात आणि अटक बुधवारी सकाळची दाखवतात, म्हणजे चोवीस तास बुधवारपासून मोजले जातात. हे मोडायला सोमवार रात्रीचा पुरावा लागतो. गाडी निघाली की लगेच ११२ला फोन करा, त्या कॉलची वेळ सरकारी नोंदीत राहते. गाडीचा नंबर आणि गणवेशावरचं नाव लिहून ठेवा. सकाळी पोलीस अधीक्षकांना मेल करा. १५१०० या विधी सेवेच्या नंबरवरही कळवा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज अधीक्षक आणि मॅजिस्ट्रेट दोघांकडे द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर, ठेवायला सांगितलं आहे. अर्ज महिनाभराने दिला की ‘यंत्र बंद होतं’ हे उत्तर ठरलेलं. तिसऱ्या दिवशीच दिला तर तसं लिहून देताना हात जरा अडखळतो.

रिमांडला उभं केल्यावर पोराने स्वतःच्या तोंडाने सांगावं : कधी उचललं, कुठं ठेवलं, मारलं का. ‘आपल्या वतीने वकील सांगेल’ असं समजून गप्प राहू नये. मार असेल तर न्यायाधीशांनी बघून तसं लिहावं, अशी विनंती तिथंच करायची. दोन दिवसांनी वळ निळे-हिरवे होतात, आठवड्याने दिसतही नाहीत.

आता चॅप्टर. आधीच्या १०७ ते ११० कलमांना आता १२६ ते १२९ म्हणतात, आकड्यांपलीकडे फारसं बदललेलं नाही. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार, चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागतात. १२९खाली तो तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. बाँड मागण्याआधी कलम १३०चा लेखी आदेश लागतो आणि तुमच्याविरुद्ध नेमकी काय माहिती आहे ते त्यात असावं लागतं. ‘हे सराईत असून यांच्यापासून शांततेस बाधा आहे’ एवढं सायक्लोस्टाइल वाक्य पुरत नाही. तो आदेश मागा, वाचून घ्या आणि लेखी म्हणणं द्या. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही आणि दंडाधिकाऱ्याने खास कारणं लिहून ती चालू ठेवली नाही, तर ती आपोआप गळते. सही करून सुटका होते, रोजंदारी बुडत नाही, म्हणून लोक सही करतात. ते समजण्यासारखं आहे. पण तोच बाँड पुढे तडीपारीच्या प्रस्तावात ‘यापूर्वीही प्रतिबंधक कारवाई’ म्हणून येतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं तडीपारीचं कलम ५६ उघडलं की मागे अशा तीन-चार सह्या लागलेल्या सापडतात.

तिसरं रेकॉर्ड. अमानतुल्ला खान प्रकरणात ७ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मागास, भटक्या समाजातल्या माणसांची हिस्ट्रीशीट, म्हणजे ठाण्यात ठेवलेली संशयिताची नोंद, यांत्रिकपणे उघडायची नाही, आणि सर्व राज्यांनी आपापली पद्धत तपासावी. ३ ऑक्टोबर २०२४च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अमानतुल्ला खान निकालाचं पालन करावं, असंही पोलिसांना बजावलं. तुम्ही अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या : ‘माझ्या नावाची हिस्ट्रीशीट आहे का, असल्यास कोणत्या गुन्ह्यांच्या आधारे, शेवटचा आढावा कधी घेतला.’ दोन्ही निकालांचा उल्लेख करा आणि सगळ्या प्रकरणांतून निर्दोष सुटला असाल तर निकालांच्या नकला जोडा. आवक शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच नसलेला अर्ज सरकारदरबारी जन्मालाच आलेला नसतो.

प्रश्न : आम्ही कैकाडी, जालना जिल्ह्यातले. मारहाणीत ॲट्रॉसिटी लावा म्हटलं तर ठाणे अंमलदार म्हणाले, तुम्हाला लागत नाही. पण बुलढाण्यातल्या आमच्या सोयऱ्यांना लागते. हे खरं का?
— वाचक, जाफराबाद तालुका

उत्तर : दुर्दैवाने खरं आहे, आणि यात ठाणे अंमलदाराचा दोष नाही. ॲट्रॉसिटी, म्हणजे अत्याचार प्रतिबंधक कायदा, फक्त अनुसूचित जाती-जमातींच्या संरक्षणासाठी आहे. अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांपुरते आहेत : अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर. राजुरा का सोडला? तो हैदराबाद संस्थानात होता म्हणून. मध्य प्रांताची यादी मध्य प्रांताच्या हद्दीपर्यंत, निजामाच्या मुलखात ती नाही. संस्थान गेलं, राज्य पुनर्रचना झाली, पण हद्द यादीत राहिली. तुमच्या गावाहून देऊळगावराजा किती लांब आहे ते तुम्हालाच माहीत.

बंजाऱ्यांचं तर याहून टोकाचं. देगलूर-उदगीर पट्ट्यात उभं राहिलं तर त्याच तांड्याचे भाऊबंद कर्नाटकात बिदरकडे अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. १९५६पर्यंत तिन्ही बाजू एकाच हैदराबाद राज्यात होत्या.

तुम्हाला आज काय करता येईल? मारहाणीची नेहमीची कलमं लागतीलच. गावाने किराणा, पाणी, दळण बंद केलं असेल किंवा जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा आहे. तो महाराष्ट्रात २०१७पासून लागू आहे, त्यात कुठल्याही जातीची अट नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुकानदाराने ‘पंचांनी सांगितलंय’ म्हटल्याचं साधं मोबाइल रेकॉर्डिंगही उपयोगी पडतं. तोच सोयरा बुलढाण्याहून जालन्यात मजुरीला आला आणि त्याच्यावर अत्याचार झाला, तर त्याने आपला दाखला दाखवून ॲट्रॉसिटीचा आग्रह धरावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३मध्ये या कायद्याचं संरक्षण माणसाच्या मूळ राज्याच्या हद्दीपाशी संपत नाही असं ठरवलं आहे. ऊसतोडीला परराज्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : पोळ्याला आमची बैलजोडी वेशीत पुढे नेली म्हणून चारचौघांत जातीवरून शिव्या दिल्या, धक्काबुक्की केली. ठाण्यात गेलो तर एनसी लिहून हातात दिली. दुसऱ्या दिवशी आमच्याच पोरांवर जबरी चोरीचा गुन्हा दाखल झाला. आता काहीजण ‘मिटवून घ्या’ म्हणतात.
— वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : एनसी म्हणजे अदखलपात्र. सार्वजनिक जागी जातीवरून अपमान, म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(र) आणि (स), हा दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. तिथे एनसी बसतच नाही. हल्ली काही ठाण्यांत नवं उत्तर मिळतं : ‘तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यात आम्हाला चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते.’ सामान्य कायद्यात तशी तरतूद आहे, पण ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि हा विशेष कायदा सामान्य कायद्यावर चालतो. हे दोन ओळींत लिहून द्या. तोंडी वाद घालू नका.

मग पुढची पायरी. तीच फिर्याद रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. त्यावरही काही झालं नाही तर विशेष न्यायालयात शपथपत्रासह अर्ज. अधीक्षकांकडे पाठवल्याची पोस्टाची पावती नसेल तर कोर्ट पहिल्याच तारखेला ती मागतं. १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तो सगळ्या अर्जांवर टाका.

आता खरी मेख : फिर्याद कशी लिहिली जाते. ठाण्यात ‘फिर्यादीस जातीवाचक शिवीगाळ केली’ असं एक वाक्य टाइप होतं आणि खटला तिथेच अर्धा मेलेला असतो. प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द जसेच्या तसे हवेत, लाज वाटली तरी. जागा नेमकी हवी : ‘वेशीत, मारुतीच्या पारासमोर, मिरवणूक थांबलेली असताना, गावातले वीस-पंचवीस लोक हजर’. त्यातल्या तीन-चार लोकांची नावं हवीत, आणि ते सगळे तुमच्याच भावकीतले नकोत. चार भिंतींआड, कोणी नसताना बोललेलं या कलमात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये म्हटलं आहे, म्हणून ‘चारचौघांत’ हे सिद्ध करणारं प्रत्येक वाक्य मोलाचं. तुमची जात आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हे दोन्ही लिहा. ‘मला त्यांची जात ठाऊक नव्हती’ हा बचाव ओळखीच्या गावात टिकत नाही. आरोपी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखत असेल तर जात माहीत होती असं गृहीत धरलं जातं, विरुद्ध सिद्ध करणं त्याच्याकडे. जातीचा दाखला नाही म्हणून गुन्हा नोंदवायचं थांबवता येत नाही, तो तपासात देता येतो. आणि टाइप झालेलं वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. फिर्यादीची नक्कल तुम्हाला फुकट आणि लगेच मिळायला हवी.

पोळ्याचं चित्रण कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असणारच. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप कोर्टात लंगडी पडते, कारण मूळ फाइल हवी. ज्याने काढलं त्याचा फोन जपा, फॉरमॅट करू नका. पुरावा अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, एक देणाऱ्याचं आणि एक तज्ज्ञाचं.

तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने केला तर आरोपी तोच मुद्दा घेऊन सुटू पाहतो. म्हणून जबाब कोण घेतंय हे बघा. दोषारोपपत्र साठ दिवसांत अपेक्षित आहे. आरोपीचा जामीन अर्ज असो की इतर काही, पीडिताला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकणं कलम १५अ नुसार बंधनकारक आहे. नोटिशीशिवाय जामीन झाला असेल तर तेवढ्या कारणावरही तो आव्हान देण्याजोगा ठरतो.

सरकारी अर्थसाहाय्याबद्दल गैरसमज फार. सार्वजनिक अपमानाच्या कलमाला एक लाख रुपये आहेत : गुन्हा नोंदल्यावर २५ टक्के, दोषारोपपत्रानंतर ५० आणि शिक्षा झाल्यावर २५. म्हणजे पाऊण लाख निकालाआधीच मिळायला हवेत. खुनात सव्वाआठ लाख, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे एफआयआर, दाखला, आधार आणि पासबुक घेऊन स्वतः जा. ‘निधी आला नाही’ म्हणाले तर तसं लेखी घ्या आणि तो कागद जिल्हा दक्षता समितीकडे पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी.

तुमच्या पोरांवरचा जबरी चोरीचा गुन्हा हा जुना खेळ आहे. अटकपूर्व जामिनाच्या अर्जात एकच तक्ता लावा : आमची घटना किती वाजता, ठाण्यात किती वाजता गेलो, एनसीची वेळ, उलट फिर्यादीची वेळ. तो तक्ता पानभर युक्तिवादाहून जास्त बोलतो. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे चालावेत अशी मागणी करा. मिटवण्याबद्दल : हा गुन्हा ठाण्यात किंवा चावडीवर मिटत नाही, कायद्यात तडजोडीची सोयच नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय अगदी थोड्या प्रकरणांत, दबाव नाही याची खात्री करून, खटला रद्द करू शकतं. स्टँप पेपरवर ‘आमचा काही वाद नाही’ असं लिहून दिलंत तर खटला चालूच राहतो. फक्त साक्षीच्या वेळी तो कागद तुमच्याच तोंडावर येतो.

प्रश्न : विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी १९६१ आधीचा पुरावा मागतात. आजोबा भटके, शाळा नाही, जमीन नाही. कुठून आणायचा?
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तारखा आधी पक्क्या करा, कारण अर्धे लोक चुकीच्या तारखेचा पुरावा शोधत फिरतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७.

आजोबांच्या नावाने काही नसेल तर पणजोबा, चुलत आजोबा, आत्याआजी असं बाजूला सरका. वडिलांकडचं रक्ताचं नातं असलं की झालं. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक हे नेहमीचं. विमुक्तांसाठी आणखी एक जागा आहे, आणि ती सांगताना जीभ जड होते : सेटलमेंटची आणि ठाण्याची जुनी रजिस्टरं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ज्यांना ठेवलं, त्यांची नावं, वय, जमात काटेकोर लिहिलेली आहेत. ज्या नोंदीने आजोबांना चोर ठरवलं, तीच नातीच्या दाखल्याला लागते. माहितीच्या अधिकारात प्रमाणित नक्कल मागा.

मराठवाड्यात खरी ठेच लागते ती उर्दू कागदांना. निजामाच्या कचेऱ्यांत साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं, असायचं आणि महिने आजूर, दै, बहमन असे. फसलीचं इसवी करताना कुणी सरसकट ५९० मिळवतं. ते आजूरपासून, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत बरोबर. जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात. पोलीस ॲक्शनचा सप्टेंबर १९४८ हा फसली १३५७चा शेवटचा महिना, आबान : १३५७ अधिक ५९१. हे चुकलं की शाळेच्या उताऱ्यावरची तारीख एका वर्षाने सरकते आणि जातपडताळणी समिती ‘विसंगती’ म्हणून दावा फेटाळते. म्हणून भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच घ्या, मूळ तारीख आणि बदललेली तारीख दोन्ही त्यावर हव्यात, आणि आकडा स्वतः बोटांवर मोजून बघा.

घरात कुणा चुलत्याची वैधता झालेली असेल, म्हणजे समितीने त्याचा दाखला खरा ठरवला असेल, तर ते प्रमाणपत्र पहिलं लावा. उच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलं आहे की पितृपक्षाच्या नातेवाइकाची वैधता रीतसर मिळालेली असेल आणि त्यात फसवणूक नसेल तर त्याच कागदांवर दुसऱ्याला नाकारू नये. नातं दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर द्या आणि तीच वंशावळ प्रत्येक अर्जात ठेवा. एका अर्जात काका तीन नि दुसऱ्यात चार असं झालं की दक्षता पथकाचं काम सोपं होतं.

प्रश्न : चाळीस वर्षं गायरान कसतो, बौद्ध आहोत. आता अतिक्रमण काढण्याची नोटीस आलीय.
— वाचक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : नोटिशीवरची मुदत मोजा, आजपासून नाही, हातात पडली त्या दिवसापासून. पाकीट फेकू नका.

दादासाहेब गायकवाडांच्या १९६४च्या भूमिहीन सत्याग्रहापासून हा प्रश्न पेटलेला आहे. त्यातून पुढे आलेल्या शासन निर्णयांपैकी तुमच्या कामाचा २८ नोव्हेंबर १९९१चा : १४ एप्रिल १९९०पर्यंतची, मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करण्याचा. राहत्या घरांचा निर्णय वेगळा आहे, त्यात मर्यादेची तारीख १ जानेवारी २०११. दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

सगळं अडतं एका नोंदीपाशी : गाव नमुना १ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. त्यात १९९०च्या आधी आजोबांचं नाव, गट नंबर, क्षेत्र आणि पीक असेल तर निम्मी लढाई जिंकली. नसेल तर दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, आधीच्या नोटिसा लावा. गंमत अशी की काढण्यासाठी आलेली १९८५ची नोटीस हीच तुम्ही तेव्हा तिथे होतात याची सर्वांत भक्कम साक्ष. पेटीत तळाला असते, शोधा.

लेखी म्हणणं द्या, स्थळपाहणीची मागणी करा. तहसीलदाराचा आदेश विरुद्ध गेला तर महसूल संहितेच्या कलम २४७खाली साठ दिवसांत अपील आणि त्यासोबतच स्थगितीचा वेगळा अर्ज. अपील केलं नि स्थगिती मागितली नाही, तर अपील चालू असताना जेसीबी येतो. अधिकारी २०११चा जगपाल सिंग निकाल पुढे करतील. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं त्यात आहे खरं, पण त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवादही आहे. तो परिच्छेद अधोरेखित करून जोडा. सरकारऐवजी गावातल्या लोकांनीच पीक मोडलं, बांध फोडला तर तो वेगळा गुन्हा, ॲट्रॉसिटीच्या ३(१)(ग)खाली.

प्रश्न : मयताला वाट देत नाहीत. स्मशानभूमी आहे पण आमच्यासाठी नाही.
— वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सार्वजनिक स्मशानभूमी वापरू न देणं हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या ३(१)(झा)खाली गुन्हा आहे. अडवलं की ११२. पण मयत दारात असताना माणूस कायदा शोधत नाही, म्हणून हे काम आधीच करून ठेवायचं. सातबारावर ‘स्मशानभूमी’ अशी नोंद आहे का बघा. नसेल तर महसूल संहितेच्या कलम २२खाली जागा राखून द्यावी असा ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. जागा मिळाली की भूमी अभिलेखकडून मोजणी, आणि मोजणीत वाटही धरायला लावा. जागा मिळते, शेड होतं, पण वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून असते आणि पावसाळ्यात तो ती नांगरतो. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा. त्यानंतर त्या दाव्याचा मार्ग बंद.

प्रश्न : वंशभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत थेट तक्रार करता येते म्हणे. जातीची करता येईल?
— वाचक, नांदेड

उत्तर : एकट्याने नाही. वंशभेद निर्मूलनाचा करार १९६५चा, भारताने तो १९६८मध्ये स्वीकारला. पण व्यक्तीची तक्रार घेण्याचा अधिकार करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीला देणारी अनुच्छेद १४ची घोषणा भारताने केलेली नाही. जात म्हणजे वंश नव्हे अशी सरकारची भूमिका आहे. समिती ती मानत नाही, करारातल्या ‘कुळ’ या शब्दात जात येते असं तिने २००२मध्ये स्पष्ट केलं. देशाचा अहवाल तपासला जातो तेव्हा संघटना आपलं निवेदन देऊ शकतात. २००७मध्ये याच समितीने भारताला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा असं सुचवलं होतं. इथल्या कोर्टात दुजोरा म्हणून ते वापरता येतं. जिनिव्हातल्या या समितीच्या आशेवर इथली मुदत मात्र चुकवू नका : मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

प्रश्न : मला याच कामाचा वकील व्हायचंय. छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठात जमलं नाही, जिल्ह्याच्या कॉलेजात आहे.
— विधी शाखेचा विद्यार्थी

उत्तर : काही बिघडलं नाही. सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा सगळ्यांना सारखीच. मोडी आणि उर्दू वाचायला शिका, त्याची किंमत तुम्हाला जातपडताळणीच्या पहिल्याच प्रकरणात कळेल. रोज दुपारी रिमांड कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि अटकेची वेळ व हजर केल्याची वेळ वहीत टिपा. एका महिन्यात कोणत्या ठाण्याचे आकडे जुळत नाहीत ते दिसेल. तलाठ्याच्या नमुन्यांचे एक ते एकवीस क्रमांक पाठ करा. मानवी हक्क कायद्याच्या कलम ३०मध्ये जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद १९९३पासून आहे, आणि तिचा वापर इतका कमी आहे की तुमच्या बारमधल्या ज्येष्ठांना विचारून बघा, किती जणांनी तिथे अर्ज केलाय.